शाकारणी

आमच्या गावाने छत्रीला कधी फारसा मान दिलेला नाही. घरात छत्री असते, नाही असे नाही. पण ती बाहेर पडते वैशाखाच्या उन्हात, म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर. पावसाळ्यात ती बहुधा कपाटामागे असते आणि सापडलीच तर तिची एक काडी मोडलेली निघते. वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटर पाऊस, तोही येतो येतो म्हणून हुलकावण्या देणारा. अशा पावसासाठी माणसांनी तयारी करावी तरी काय म्हणून? आम्ही पावसासाठी धोंडी काढली आहे, रिकाम्या घागरी घेऊन टँकरपाशी रांगा लावल्या आहेत, आणि जायकवाडी किती टक्के भरले हे क्रिकेटच्या धावा विचाराव्यात तसे एकमेकांना विचारले आहे. पाऊस पडलाच तर काय करायचे, हा प्रश्न मात्र आमच्याकडे घर बांधणाऱ्यांना फारसा सुचलेला दिसत नाही. छपरे सपाट, अंगणे उघडी, आणि ओले जोडे ठेवायलासुद्धा आडोसा नाही.

अशा गावावर २०२५ सालचा पावसाळा आला. मे महिन्यातच त्याने दार ठोठावले, आणि सप्टेंबरात तर त्याने मराठवाड्याचे कोरडेपण पार धुऊन काढले. जायकवाडीतून सेकंदाला लाखाहून अधिक घनफूट पाणी सोडावे लागले. पैठणला नदीकाठच्या लोकांना घरे सोडावी लागली. सोयाबीन पाण्यात उभे राहिले, कापूस काळा पडला, कित्येकांच्या शेतातली मातीच वाहून गेली. ज्यांची माती गेली त्यांच्यापुढे लोखंडाच्या गंजाचे रडगाणे गाण्याची माझी छाती नाही. तरी मी लिहिणार आहे ते एका मोटारसायकलीबद्दलच. कारण त्या पावसात माझ्या वाट्याला आलेले काम तेवढेच होते. घराबाहेर उभी असलेली एक्केचाळीस वर्षांची बुलेट चार महिने गंजू द्यायची नाही. आणि हे काम मला शेजारच्या खोलीतल्या खाटेवरून सांगितले जात होते.

आम्ही राहतो छावणीत. गावाचे नाव २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. छावणी मात्र छावणीच राहिली. खाम नदी ओलांडून अलीकडे आले, की रस्ते एकदम सरळ होतात आणि झाडे मोठी होतात. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी हैदराबाद कंटिन्जंट फौज होती, तिची ही वस्ती. १८५७च्या जूनमध्ये इथल्या घोडदळानेही बंडाची भाषा केली आणि पुण्याकडून आलेल्या फौजेने ते मोडले. आता लक्षात राहतात ते कडुनिंब आणि त्यांच्या बुंध्यांना लावलेला चुना-गेरू. छावणीत जे हलते त्याला सलाम आणि जे हलत नाही त्याला चुना, असा एक विनोद लष्करी मंडळींत चालतो. आमची बुलेट अलीकडे हलत नाही. तिला अजून कुणी चुना लावला नाही, हेच नवल!

आमचे घर भाड्याचे, जुन्या बंगल्याचा एक तुकडा. व्हरांडा आहे, पण त्यात यजमानांची स्कूटर राहिली की माणसाने आडवे होऊन जावे लागते. बाहेर पत्र्याची शेड घालावी, तर छावणीत बांधकामाला रीतसर परवानगी लागते, आणि घरमालकांना त्या कागदांत पडायचे नाही. त्यात त्यांचे काही चुकते असे मी म्हणणार नाही; त्यांची स्वतःची गाडीही कडुनिंबाखालीच उभी असते. तेव्हा बुलेट अंगणात.

ती अण्णांनी घेतली १९८४ साली. अण्णा बँकेत होते. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. अण्णा थांबले, थांबले, आणि एके दिवशी चिडून मोटारसायकलच घेऊन आले. बुलेट ही मूळची इंग्लंडातल्या रेडिच गावची. १९५५ साली मद्रासला कारखाना निघाला, आपल्या लष्कराने ती घेतली, आणि पुढे १९७०च्या सुमारास इंग्लंडातली मूळ कंपनी बंद पडली तरी मद्रासची चालूच राहिली. अण्णांना हा इतिहास तोंडपाठ आहे. पोर आजोळी वाढावे तशी ती आपल्याकडे वाढली, असे ते म्हणतात. काळी टाकी, त्यावर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा. त्या रेघा यंत्राने नव्हे, माणसाने एका श्वासात ओढलेल्या असतात, म्हणून त्यांच्यावर जोराने फडके फिरवायचे नाही, हा आमच्या घरातला पहिला कायदा.

ती चालू करणे हा एक विधी होता. दिव्याच्या टोपणावर एक लहानसे घड्याळ असते, त्यात एक काटा. किल्ली फिरवायची, डाव्या हाताखालची बारीक पट्टी दाबायची, किक हळूच खाली नेत काटा मधोमध आणायचा, पट्टी सोडायची, किक वर घ्यायची आणि मग सगळे वजन टाकून एकदाच हाणायची. काटा मध्यावर आणण्याचे काम लहानपणी माझे होते. मी टाकीवर बसून ‘आला!’ म्हणून ओरडत असे. त्यात घाई झाली तर किक उलटी येते आणि घोट्याची किंवा गुडघ्याची वाट लावते. अण्णांचा उजवा गुडघा मेच्या अखेरीस शस्त्रक्रियेने बदलावा लागला. डॉक्टरांनी कारण वय असे सांगितले. अण्णांनी ते मान्य केले नाही. त्यांच्या मते १९९१ सालची एक किक त्याला जबाबदार आहे; आणि ते हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत, जुन्या लढाईतली जखम दाखवावी तसे सांगतात.

शस्त्रक्रियेसाठी माझा धाकटा भाऊ बेंगळुरूहून आला होता. येताना त्याने गाडीसाठी एक झकास आवरण आणले. बाहेरून निळे, आतून चंदेरी, खाली लवचीक पट्टी. गाडीला ते पायमोज्यासारखे घट्ट बसले. पाण्याचा एक थेंब आत जाणार नाही, अशी हमी वर छापलेली. अण्णांनी खिडकीतून पाहिले आणि विचारले, “आतलं पाणी कुठून जाणार?” भाऊ हसला. त्याला वाटले, भूल अजून उतरली नाही.

आठ-दहा दिवसांच्या झडीनंतर ऊन पडले तेव्हा मी आवरण वर केले. बाहेरचे पाणी खरेच आत आले नव्हते. पण आवरणाच्या आतल्या अंगाला थेंबांची रांग धरली होती, सीटवर पांढुरकी बुरशी आली होती, आणि मागच्या रिमवर हळदीच्या डागांसारखे ठिपके. कारण कळायला विज्ञान शिकावे लागत नाही. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून दव धरते, तसेच हे. भिजलेल्या जमिनीतून वाफ वर येते. रात्री लोखंड गार पडते. कोंडलेल्या हवेतली ओल त्याच्यावर बसते, आणि तिला जायला वाट नसते. पावसात भिजलेली गाडी निदान उन्हात वाळते. ही झाकलेली गाडी वाळतच नाही. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि या मोज्यात दोन्ही मुक्कामाला होती.

अण्णांना हे आधीच ठाऊक होते, कारण ते त्यांना रत्नागिरीने शिकवले होते. १९८९ साली त्यांची तिकडे बदली झाली. मी नऊ वर्षांची होते. बुलेट आंबा घाट उतरून गेली. आमच्याकडे सातशे मिलिमीटर, तर तिकडे वर्षाला तीन हजारांच्या वर, आणि शिवाय समुद्राचा खारा वारा. मिठाने गंजाचे पाय चौपट होतात. पहिल्या पावसाळ्यात अण्णांनी गाडी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून सुतळीने करकचून बांधली. श्रावणात सोडली तेव्हा रिमा शेंदरी झाल्या होत्या. खालच्या घरातले काका हे सगळे पाहत होते. कोकणी माणूस विचारल्याशिवाय सल्ला देत नाही आणि विचारल्यावर थांबत नाही. ते म्हणाले, “जोशीबुवांसारखी शालीत काय गुंडाळता हो तिला? शाकारा! वारा हवा खालून.”

शाकारणे! हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मिरकरवाड्याला आम्ही पाहिले होते, मासेमारी बंद झाली की होड्या ओढून वर घेतात, बांबूचा सांगाडा करतात आणि त्यावर नारळाच्या विणलेल्या झावळ्या, म्हणजे झाप, पसरतात. पावसाआधी घरेही अशीच शाकारतात: कौले चाळतात, फुटकी बदलतात, ज्या बाजूने पाऊस झोडपतो तिकडे झापांची आडोशी भिंत बांधतात. पाणी वरून घसरून जावे आणि वारा मात्र मधून फिरत राहावा, एवढी ही सगळी विद्या. अण्णांनी काकांच्या हाताखाली चार बांबू रोवले, पश्चिमेकडे उतार दिला, दुहेरी झाप टाकले, आणि जमिनीपासून वीतभर जागा चारी बाजूंनी मोकळी ठेवली. पुढचे तीन पावसाळे बुलेट त्यात राहिली. रिमा पुन्हा शेंदरी झाल्या नाहीत.

मराठी शिकवता शिकवता मला या शब्दाचे अप्रूप वाढत गेले. झाकणे, लपेटणे, गुंडाळणे, पांघरणे, मढवणे. आपल्याकडे आवरणाला शब्दांची वाण नाही. पण यांतल्या एकाही शब्दात वाऱ्याची सोय नाही. ती फक्त शाकारण्यात आहे. मराठवाड्याकडेही याचे भावंड सापडेल, ते कडब्याच्या गंजीत: गंजी उतरती रचतात, आणि चांगला रचणारा असला तर ती वरून भिजते, आतून नाही. उलट टोकाला आमचे जुने पेव. जमिनीत खोल खड्डा, त्यात ज्वारी, तोंड मातीने असे बंद की हवा मुळीच नाही. धान्य टिकते, पण पेव उघडले की लगेच कुणी आत उतरायचे नाही, आतल्या विषारी हवेने माणसे मेलेली आहेत. म्हणजे पूर्ण बंद तरी करावे, नाही तर मोकळे तरी ठेवावे. अर्धवट बंद केलेले कुजते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कर बंदुका कॉस्मोलिन नावाच्या मेणचट ग्रीसमध्ये बुडवून जहाजांवर चढवी, ती पेवाची रीत. अंगणातल्या मोटारसायकलीला ती परवडत नाही.

आता छावणीत झाप कुठून आणायचे? इथे नारळ देवाला वाढवण्यापुरते येतात. शिवाय बांबू रोवायचा म्हणजे तेही बांधकामच की काय, अशी शंका. म्हणून अण्णांनी खाटेवरून दुसरी युक्ती काढली. छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून मी जुने हिरवे कॅनव्हास आणले, जाड सुताचे. विकणारा म्हणाला, मिलिटरीचे आहे. या बाजारात मिलिटरीचे नाही असे काहीच नसते. सुताच्या कापडाची गंमत अशी, की ते भिजले की धागे फुगतात आणि छिद्रे आपोआप मिटतात. वाळले की पुन्हा श्वास घेते. हे कापड गाडीला टेकवायचे नाही. कडुनिंबाच्या फांदीपासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी, तिच्यावर कापड तंबूसारखे, चार कोपऱ्यांना चार विटा. गाडीखाली दोन शहाबादी फरश्या, म्हणजे मातीची वाफ थेट अंगावर यायला नको. गाडी नेहमी डबल स्टँडवर. बेंगळुरूचे आवरण आम्ही फेकले नाही. ते कूलरवर चढवले. तिथे ते छान बसते.

तरी हे सगळे झाले बाहेरच्या पाण्याचे. आतल्या पाण्याची गोष्ट उस्तादांनी सांगितली.

उस्ताद म्हणजे नगर नाक्याजवळचे आमचे मेकॅनिक. त्यांना सगळे उस्तादच म्हणतात, त्यांची नातवंडेसुद्धा. जूनच्या अखेरीस ते अण्णांना पाहायला आले, हातात केळी, आणि पाच मिनिटांत माणूस सोडून गाडीपाशी जाऊन बसले. सायलेन्सरच्या खालच्या अंगाला त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावले, जरासे दाबले, आणि ते भसकन आत गेले. वरून क्रोम आरशासारखे लखलखते, आतून चाळण! उस्ताद वळून खिडकीकडे पाहत म्हणाले, “साहब, ये गाडी बारिश से नै मरती. पसीने से मरती.”

घाम कसला? तर असा. अण्णांनी गाडी चालवणे दोन-तीन वर्षांपूर्वी सोडले होते. पण दर रविवारी सकाळी आठ वाजता ते तिला किक मारत, दोन मिनिटे तिचा तो संथ ठोका ऐकत, आणि बंद करत. गाडी जिवंत राहावी म्हणून. शस्त्रक्रियेनंतर ते काम यजमानांकडे आले. अण्णा खिडकीशी कान देऊन बसत. उस्ताद म्हणाले, हीच दोन मिनिटे घातक. मी आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारले. त्यांनी स्टाफरूममध्ये चहाच्या बिलामागे हिशेब मांडून दाखवला: एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते, पण सायलेन्सर कडक तापला असेल तरच. दोन मिनिटांत तो तापत नाही. वाफ आत थिजते, पाणी तळाशी साचते, इंजिनाच्या ऑइलमध्येही उतरते. पावसापासून जपलेली गाडी आपल्या पोटातल्या पाण्याने सडते. चालवायची तर वीस मिनिटे रस्त्यावर तापवून चालवा, नाही तर हात लावू नका. मधला मार्ग नाही.

हे अण्णांना सांगायचे कुणी? उस्ताद सांगून मोकळे झाले आणि चहा पिऊन गेले. पुढचा रविवार आला. आठ वाजले. अण्णा खाटेवर उठून बसले होते, दाढी केलेली. यजमानांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, “अण्णा, उस्ताद काय म्हणाले ते ऐकलंत ना?”

“ऐकलं,” अण्णा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “गाडीसाठी नसेल चांगलं.”

या वाक्यात ‘गाडीसाठी’ हा शब्द त्यांनी कुठे ठेवला, ते व्याकरणाच्या तासाला समजावून सांगता येण्यासारखे नाही. त्या रविवारी किक मारली गेली नाही. अण्णांनी व्यायामही केला नाही. फिजिओथेरपीची मुलगी येऊन परत गेली. सोमवारीही तेच. गुडघा बदललेल्या माणसाने पहिल्या महिन्यात पाय वाकवला नाही, तर पुढे तो वाकायला तयार होत नाही, असे तिने मला दाराशी हळूच सांगितले. लोखंडाला एक न्याय आणि माणसाला दुसरा असे नसते का, असे मी स्वतःशी भांडत होते. रविवारचा तो ठोका सायलेन्सरला मारत होता हे खरे. पण अण्णांचा आठवडा त्याच्यावर उभा होता, हेही तितकेच खरे.

वाट काढली ती पुन्हा उस्तादांनीच. पंधरवड्यातून एका रविवारी, उघडीप असेल तर, ते स्वतः यायचे, अण्णांच्या देखत काटा मध्यावर आणायचे, आणि गाडी दौलताबादपर्यंत नेऊन आणायचे. येऊन-जाऊन पंचवीस-एक किलोमीटर. अण्णा घड्याळ लावून बसत. गाडी नगर नाक्याकडे वळली की ठोका पुसट होई. मग सगळे शांत. त्या वेळात फिजिओथेरपीची मुलगी पाय वाकवून घेई, कारण अण्णांचे लक्ष दुसरीकडे असे. पाऊण तासाने ठोका परत ऐकू आला की अण्णा सांगत, “चेन सैल आहे,” किंवा “टॅपेट वाजतोय.” उस्तादही आत येऊन बातमी देत: घाटात अशी चढली, किल्ल्यापाशी पर्यटक गर्दी करून उभे राहिले. एकदा म्हणाले, किल्ल्यावरची मेंढा तोफ तीनशेहून जास्त वर्षे उघड्या बुरुजावर आहे, तिला काही होत नाही. अण्णा म्हणाले, “ती पंचधातूची आहे. तिला रविवारी कुणी फिरवत नाही.”

पेट्रोलवरून मात्र दोघांचे जुंपले. अण्णांचा जन्माचा नियम: पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरलेली हवी. रिकाम्या टाकीत हवा, हवेत ओल, आणि ओलीचे पाणी पेट्रोलहून जड म्हणून तळाशी. टाकी आतून गंजते. नियम बिनचूक आहे, पण तो जुन्या पेट्रोलचा. आता पंपावर मिळते त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आणि इथेनॉल हवेतली ओल पिऊन घेते. पिता पिता पोट भरले, की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला बसतात. जुन्या गाडीचे रबरही त्याने फुगते. म्हणजे भरलेली टाकीही महिनोन्महिने तशीच ठेवण्यात अर्थ नाही. हे इथेनॉल काही अंशी उसाचे. ज्या मराठवाड्याला प्यायचे पाणी टँकरने आणावे लागले, तिथलाच ऊस पाणी पिऊन वाढतो, त्याचा अर्क मोटारसायकलीच्या टाकीत जाऊन पुन्हा पाणी पितो! अण्णांनी हे ऐकले आणि दोन दिवस त्यावर विचार केला. मग तह झाला. फेरी आहे तोवर टाकी भरलेली आणि ताज्या पेट्रोलची. फेरी थांबली की टाकी रिकामी, आत वाटीभर ऑइल, आणि दोघांनी धरून ती लोणच्याच्या बरणीसारखी फिरवायची, म्हणजे आतून सगळीकडे तेलाचा हात बसेल.

सप्टेंबरात ती वेळ आली. पाऊस थांबेचना. तंबूचे कापड सतत ओले, दोरी सैल, विटांना शेवाळ. टाकी रिकामी करून फिरवली. बॅटरी काढून घरात आणली. स्पार्क प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडले. सायलेन्सरचे तोंड तेलाच्या चिंधीने बंद केले आणि चिंधीला लाल दोरा बांधून हँडलपर्यंत आणला, म्हणजे ती काढायचा विसर पडणार नाही. रोज संध्याकाळी मी मऊ फडक्याला ऑइल लावून रिमा, तारा, हँडल पुसत होते. ऑइल ताजे, गॅरेजमधले जळके काळे ऑइल फुकट मिळते, पण त्यात आम्ल असते, ते उस्ताद हातात घेऊ देत नाहीत. चौथ्या दिवशी एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने वर्तमानपत्राचा संसार मांडलेला सापडला. अण्णांनी कुठली तारीख आहे ते विचारले. हा सगळा वेळ खिडकी उघडी असे आणि आतून सूचना येत: “मडगार्डच्या आतून पूस. वरून सगळेच पुसतात.”

छावणीत गंजाला बहुतेक लोक ‘जंग’ म्हणतात. माझ्या कानांना तो शब्द त्या महिन्यात फार पटला.

गिऱ्हाईक आले ते नवरात्रात. वाळूजला कारखान्यात काम करणारा तिशीतला तरुण. वाळूजला १९८५पासून बजाजचा मोठा कारखाना आहे. आमच्याकडे घरटी एकजण तरी दुचाकी बनवतो किंवा तिचे सुटे भाग. जुन्या बुलेटला हल्ली मागणी आहे, हे भावाने फोनवर दहादा सांगितले होते. तरुणाने गाडीभोवती फेरी मारली, सोनेरी रेघांवर बोट फिरवले. हलक्या हाताने फिरवले, हे मी पाहिले आणि अण्णांनीही खिडकीतून पाहिले. त्याने आकडा सांगितला. आकडा चांगला होता. मग तो काठी घेऊन बसलेल्या अण्णांना आदराने म्हणाला, “काका, कागदपत्रं?”

“पंधरा वर्षांनी एकदा, मग दर पाच वर्षांनी, सगळी नूतनीकरणं वेळेवर आहेत. गाडीचे कागद २०२९पर्यंत पक्के,” अण्णा म्हणाले. “माझे माहीत नाहीत. ठेवणार कुठे?”

“बाहेरच ठेवावी लागेल, काका. पण चांगलं वॉटरप्रूफ कव्हर घेतो.”

अण्णांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्याकडे कागद मागितला. बँकेच्या कॅलेंडरचे मागचे पान मी दिले. त्यावर त्यांनी चार बांबू काढले, पश्चिमेकडचा उतार काढला, फुटांत मापे घातली, आणि खाली एक रेघ ओढून तिच्यापुढे ‘वीतभर मोकळे’ असे लिहिले. हे झाल्यावर या, म्हणाले. तरुणाने कागदाची घडी करून खिशात घातली. तो परत येणार नाही, अशी यजमानांनी माझ्याशी पैज लावली.

दसऱ्याला गाडीला झेंडू घातला, आपट्याची पाने टाकीवर ठेवली, लाल दोरा ओढून चिंधी काढली. पाऊस ओसरला होता. उस्तादांनी नव्या प्लगवर तिसऱ्या किकला ती चालू केली. अण्णा वॉकर घेऊन पायरीपर्यंत आले होते. दुसऱ्या सायलेन्सरचा शोध चालू आहे. जुना भोकांतून धुरकटतो.

परवा तरुणाचा फोन आला. शेड झाली आहे म्हणाला, आणि फोटो पाठवला. बांबूऐवजी लोखंडी पाइप, वर हिरवे पत्रे, उतार बरोबर पश्चिमेला. अण्णांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला, बोटांनी फोटो मोठा केला, आणि खालचा कोपरा बराच वेळ पाहत राहिले.

“पत्रा पार जमिनीपर्यंत नेलाय त्याने,” ते म्हणाले. “वीतभर कापायला सांग. मग बघू.”